मैदानाचा पश्चिम कोपरा

एप्रिलचा पहिला रविवार, सकाळचे सात. स्थळ: आमच्या कॉलनीमागचा मोकळा भूखंड. हजर: बँकेतून निवृत्त झालेले साहेब, सकाळी चालायला येणाऱ्यांच्या वतीने, मोबाइलच्या दुकानाचा मालक, ज्याला लहानथोर सगळे दादा म्हणतात, टेनिस बॉल क्रिकेटच्या वतीने, शाळेतल्या खेळाच्या बाई, मुलींच्या कबड्डीच्या वतीने, आणि मी, समितीची चिटणीस, वहीच्या वतीने. उशिरा आणि न बोलावता हजर: पलीकडच्या गावातले आबा, कोणाच्याच वतीने नाही.

वहीबद्दल आधीच सांगून टाकते. आमच्या फ्रिजवर एक यादी असते आणि ती यादी कुठे आहे याची दुसरी यादी माझ्या पर्समध्ये असते, असं माझा नवरा लोकांना सांगतो. यातली दुसरी गोष्ट खोटी आहे. पण पनवेलमध्ये आल्यापासून मी तीन सोसायट्यांच्या, एका वाचनालयाच्या आणि चार हळदीकुंकवांच्या याद्या केल्या आहेत आणि एकीतही काही बाकी राहिलं नाही. म्हणून भूखंड सांभाळायला समिती नेमायची ठरली, तेव्हा चिटणीस कोण हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. वही तेवढी नवी आणली.

भूखंडावर ‘क्रीडांगणासाठी राखीव’ असा फलक होता. त्याचा अर्धा पत्रा गंजून गळला होता आणि ‘साठी राखीव’ एवढंच उरलं होतं. कशासाठी, ते ज्याने त्याने आपापलं भरून घेतलं होतं. साहेबांना चालायचा ट्रॅक हवा होता आणि त्यावर सगळ्यांनी घड्याळाच्या दिशेनेच चालायला हवं होतं. दादाला पूर्ण मैदान हवं होतं, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे क्रिकेटचं अर्धं मैदान म्हणजे अंगण.

“ट्रॅक करा ना साहेब, कोण नाय म्हणतंय,” दादा म्हणाला, “बाउंडरीच्या बाहेर करा.”

“बाउंडरीच्या बाहेर रस्ता आहे.”

“मग रस्त्यावर चाला. फुकटचा ट्रॅक.”

बाई चपलेने माती उकरून बघत होत्या. त्यांची मागणी सगळ्यात लहान होती आणि घाई सगळ्यात मोठी. शाळेच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसले होते आणि त्यावर कबड्डी खेळून मुलींचे गुडघे सोलवटून निघाले होते. दोघींच्या आयांनी येणं बंद करा म्हणून सांगितलंच होतं, बाकीच्यांच्या आया विचारात होत्या. मे महिन्याच्या अखेरीला निवड चाचणी होती. “बारा जणी आहेत,” बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मातीचं मैदान मिळालं तर बाराच्या बारा नेईन. नाही मिळालं तर चाचणीपर्यंत सात उरायच्या नाहीत. आणि सात नसतील तर संघच नाही.”

“मिळेल,” मी म्हणाले आणि शाईने लिहिलं. मी पेन्सिल वापरत नाही.

माझ्या पिशवीत पन्नास मीटरची टेप, सुतळी, खुंट्या आणि फक्कीची पिशवी होती. दोन तासांत मैदान आखून झालं. ट्रॅक दोन्ही दिशांनी चालण्यासाठी खुला ठेवला. त्यामुळे प्रत्येक माणूस प्रत्येक फेरीत प्रत्येकाला दोनदा भेटतो आणि थांबून बोलतो. साहेबांच्या गटाचं चालणं तेव्हापासून निम्म्यावर आलं आहे. क्रिकेटला मधला भाग दिला. पूर्वेची उंचवट्याची जागा साहेबांच्या हास्यक्लबची होती, तिला हात लावायचा नाही असं त्यांनी हसत हसत बजावलं. कबड्डीसाठी उरला खाडीकडचा, पश्चिमेचा कोपरा.

आणि तो कोपरा पाहून आम्ही खूशच झालो. सपाट, मऊ, दगड नाही, गवताची एक काडी नाही.

“देवानेच मैदान करून ठेवलंय,” साहेब म्हणाले.

तोवर आबा आले. आबांच्या नावावर गावात तीन मजली इमारत आहे, पण ते दिवसभर तिच्या खालच्या चहाच्या टपरीच्या बाकावर सापडतात. खांद्यावर टॉवेल, पायांत काही नाही. कोपऱ्याकडे बघून म्हणाले, “गवत का नाय हितं, त्याचा इचार करा आदी.”

“मुलं खेळतात ना आबा, म्हणून,” दादा म्हणाला.

“बरं,” आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “बाय, येकदा पुनवेला येऊन बघ.”

मी सभ्यपणे मान हलवली आणि वहीत ‘इतर विषय’ या मथळ्याखाली लिहिलं: आबा, पौर्णिमेला पाहणी. माझ्या वहीत ‘इतर विषय’ हे सदर असतं. सभेत कोणी वाढदिवसाचं, मांजरांचं किंवा पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं बोललं की ते तिथे जातं. तिथून परत आलेलं अजून मी पाहिलेलं नाही.

आबांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, असं मात्र नाही. पुढच्या तीन रविवारी आम्ही तीन वेळा पाहणी केली. प्रत्येक वेळी सकाळी सातला, कारण साडेआठला साहेबांचा नाश्ता असतो. कोपरा तिन्ही वेळा कोरडा ठणठणीत. तिन्ही वेळा आबा येऊन तेच वाक्य बोलले आणि तिन्ही वेळा मी ते ‘इतर विषय’मध्ये घातलं. तिसऱ्यांदा फक्त ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं.

कोपऱ्यात झुडपांमागे एक जुनी दगडी भिंत होती, तिच्यात चौकोनी भोक होतं आणि ते भोक गाळाने आणि प्लास्टिकने बुजलं होतं. साहेब म्हणाले, पावसाळी गटाराचं तोंड दिसतंय. मी लिहिलं: गटाराचं तोंड साफ करून घेणे. दुसऱ्या दिवशी दोन माणसं लावून साफ करून घेतलं. खूण केली. इतकं स्वच्छ झालं की भोकातून पलीकडची खाडी दिसायला लागली. मला फार बरं वाटलं.

मग मातीचं काम. बाईंच्या मुलींनीच ती चाळली, पाणी मारलं, रोलर ओढला. बारा मीटर बाय आठ मीटर. मधल्या रेषेला फक्की संपली तेव्हा एक मुलगी घरून रांगोळी घेऊन आली, म्हणून आमची मध्यरेषा गुलाबी होती. येणं बंद झालेल्या दोघींच्या आया बघायला आल्या, तळव्याने माती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ठीक आहे.

उद्‌घाटनाचा दिवस मी ठरवला. सगळ्यांना सुट्टी हवी, शाळांना सुट्टी हवी, पाहुण्यांना सवड हवी. मी कॅलेंडर काढलं आणि बुद्धपौर्णिमा धरली.

वेळ सकाळी नऊची होती. पाहुणे साडेबाराला आले. त्यांना आधी दोन साखरपुडे होते. तोवर मे महिन्याच्या उन्हात बारा मुली मांडवाखाली बसून ग्लुकोजची बिस्किटं खात होत्या, साहेबांचं सूत्रसंचालन करून संपलं होतं आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. पाहुण्यांनी नारळ फोडला, दोन शब्द म्हणून दोनशे बोलले, आणि मुली प्रदर्शनीय सामन्यासाठी मैदानात उतरल्या.

दुसऱ्या चढाईला पकड झाली आणि मातीतून ‘पचक’ असा आवाज आला.

सगळ्यांनी खाली पाहिलं. दगडी भिंतीच्या भोकातून, जे मी इतकं मन लावून साफ करून घेतलं होतं, पाणी येत होतं. घाईगर्दी न करता, आपलीच जागा असल्यासारखं. आधी निदान रेषा गेली, मग बोनस रेषा. गुलाबी मध्यरेषा कणाकणाने विरघळली. पाण्याबरोबर एक निवटा आला, खाडीतला तो चिखलावर उड्या मारणारा मासा, आणि टुणकन मैदानाच्या मधोमध बसला.

“बाई, निवटा चढाईला आला!” एक मुलगी ओरडली.

“धर त्याला! दम सोडला बघ त्याने!”

पाहुणे खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांचे बूट पांढरे होते. दादा मोबाइलवर सगळं टिपत होता. आणि आबा, बरोबर पाण्याच्या काठावर, अनवाणी, हसून हसून डोळे पुसत होते.

“बाय,” ते मला म्हणाले, “वर्साच्या सगल्या दिवसांतनं तू पुनवच धरलीस!”

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी तिथेच, घोटाभर पाण्यात उभी राहून लिहून घेतलं. हा सगळा भाग पूर्वी मिठागर होता. दगडी भिंतीतलं भोक म्हणजे गटार नाही, उघाडी. तिला लाकडी झाप असायचा, तो उचलला की खाडीचं पाणी आत, सोडला की बंद. तरुणपणी झाप उचलायचं काम आबांचंच. “आमच्या मिठागराचं पानी पयलं हितनंच घेयाचो. हितं गवत कुठनं येनार? मीठ हाय ते.” पुनवेचं आणि अवसेचं उधाण इथे दुपारी बारा-एकला येतं. त्या दिवशी सकाळी सातला पूर्ण ओहोटी असते. सातला भरती असते ती मधल्या दिवसांत, आणि तेव्हा पाणी इथवर चढत नाही. म्हणजे सकाळी सातला पाहणी करणाऱ्या माणसाला या कोपऱ्यात जन्मात पाणी दिसणार नाही.

“आदी गालानं बुजलेलं, जरासं झिरपायचं,” आबा म्हणाले. “तू दारच साफ करून दिलंस.”

“तुम्ही हे एवढं सगळं आधी का नाही सांगितलं?” साहेब म्हणाले.

“चार येला सांगितलं. बायनं लिवून घेतलंय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाई मात्र हसत नव्हत्या. त्या मुली मोजत होत्या. येणं बंद झालेल्या दोघी आपापल्या आयांकडे बघत होत्या आणि आया चपला हातात घेऊन निघायच्या बेतात होत्या. चाचणीला पंधरा दिवसही उरले नव्हते. शाईने लिहिलेलं ‘मिळेल’ मला वही न उघडताही दिसत होतं.

“सभा,” मी म्हणाले. “आत्ता. इथेच.”

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी सभा. मैदानात कोरडी उंच जागा दोनच: मधली क्रिकेटची खेळपट्टी आणि पूर्वेचा हास्यक्लबचा उंचवटा. दादा म्हणाला, पिचला हात लावाल तर आख्खं गाव येईल. सगळे साहेबांकडे वळले.

“हास्यक्लब नोंदणीकृत आहे,” साहेब म्हणाले.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तुम्ही उभ्याने हसता. कुठेही हसाल. या मुली पडतात.”

साहेबांनी मुलींच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा गुडघ्यांकडे. “चाचणीपर्यंत,” ते म्हणाले. “फक्त.”

त्याच संध्याकाळी मुलींनी कडेची, ओली न झालेली माती घमेल्यांतून उंचवट्यावर नेली. दोन्ही आया पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या, कारण आपण हलवलेल्या मातीवर आपल्या मुली खेळणार नाहीत असं कसं चालेल. चाचणीला बाराच्या बारा जणी गेल्या. दुसऱ्या फेरीत हरल्या. साहेब घसा बसेपर्यंत ओरडले आणि परतताना टेम्पोत सगळ्यांना सांगत होते की पंचांना निदान रेषाच कळत नाही. हास्यक्लब अजून ट्रॅकवर भरतो. जागा परत मागायचा विषय साहेबांनी काढलेला नाही, आणि मी तो कुठल्याही मथळ्याखाली घेतलेला नाही.

पश्चिमेचा कोपरा मात्र दर उधाणाला भरतो, आणि झाप नसल्यामुळे पाणी दर खेपेला पावलभर पुढे येतं. आता ट्रॅकच्या कडेला लागलंय. आबांनी झापाचं माप दिलं, सुताराने सागवानी झाप करून दिला, तो माझ्या जिन्याखाली उभा आहे. बसवायचं काम तीन माणसांचं, गुडघाभर चिखलात, आबा वरून सांगणार. वेळ पूर्ण ओहोटीची, म्हणजे पुनवेला सकाळी सात. आमच्या समितीची ठरलेलीच वेळ. गेल्या चार पौर्णिमा कामाच्या दिवशी आल्या. दादाने दुकान सांगितलं, साहेबांनी नाश्ता, आणि तिसरी मी होते, मी वही सांगितली.

वहीत ‘इतर विषय’ खोडून तिथे नवा मथळा केला आहे: ‘बाकी’. त्याखाली एकच ओळ: उघाडीला झाप बसवणे. खूण नाही.