आपांच्या छत्रीची रेघ

वरोऱ्याहून शमीमआपांच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी आंबा चोखत होतो. "डॉक्टर, आपा गेल्या," तो म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, "कुठी?" ...आता आपा सदान्‌कदा कुठेतरी गेलेल्याच असायच्या, त्याला मी तरी काय करणार!

आपा निवृत्त मुख्याध्यापिका, मी निवृत्त जनावरांचा डॉक्टर. बाल न्याय मंडळावर मॅजिस्ट्रेटसोबत बसणारे आम्ही दोन सदस्य. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लेकरांईले सुई टोचू नका बरं!" हिवाळा असो की उन्हाळा, हातात काळी छत्री. ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. कुत्री हाकलायला आणि वकिलांना गप्प करायला ती मिटलेलीच पुरे.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात दोन पोरांनी तेच केलं. कायद्यानं पोरांची नावं लिहायची नसतात, म्हणून एकाला गावचा म्हणतो आणि चंद्रपुराहून आत्याकडे आलेल्या दुसऱ्याला पाहुणा. पाला लोटला गावच्यानं, काडी ओढली पाहुण्यानं. वारा फिरला आणि शेजारच्या मैनाबाईचा गोठा भस्म झाला. बकऱ्या वाचल्या, तेवढं नशीब.

मंडळासमोर पाहुण्यासोबत काका होते, वकील होते, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. गावच्याचे आईबाप मोह वेचायला जंगलात. त्याच्यासोबत कोणीच नाही. वकिलांचं म्हणणं असं, की पाहुण्याला समज देऊन घरी पाठवा; गावच्याकडे पाहायला कोणी नाही, तो सुधारगृहातच बरा. पोरगं मान खाली घालून एवढंच म्हणालं, "मले गावाले जाऊ द्या जी."

छत्रीचं टोक फरशीवर आपटलं. "काडी एक, आग एक, अन्‌ शिक्षा दोन? काऊन? याच्याजवळ वकील नाई म्हणून?"

वकील गडबडले. मग दोघांनाही सोडून द्या, म्हणाले.

"वा! अन्‌ मैनाबाईनं बकऱ्या कुठी बांधाच्या? तुमच्या हापिसात?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांना हसू आवरेना, पण आपांचं म्हणणं त्यांना पटलं. दोघंही गावात घरीच राहतील, पाहुणा आत्याकडे; मिळून गोठा बांधतील आणि मोहाचा हंगाम संपेपर्यंत मैनाबाईच्या झाडाखालचा पाला खराट्यानं झाडतील, काडीला हात लावणार नाहीत, असं ठरलं. गावच्याचा चेहरा तेव्हा उजळला.

"शिक्षा देणाऱ्यानं पाहाले जा लागते, डॉक्टर," म्हणत आपांनी मला बसमध्ये कोंबलं. जाऊन पाहतो तर झाडाखाली भांडण जुंपलेलं. "मीच जास्त झाडून राह्यलो!" "काहून रे, पाला तर माह्याच बाजूनं पडते!" आपांनी छत्रीनं बुंध्यापासून कुंपणापर्यंत सरळ रेघ ओढली. "हे तुह्यं, हे त्याचं. आता बोला!" दोघं मुकाट कामाला लागले. नव्या गोठ्याच्या सावलीत बसलेली मैनाबाई, पहिल्या दिवशी या पोरांचं तोंड पाहायला तयार नसलेली, पदर तोंडाला लावून हसत होती. "बाई, पोट्टे कामाचे आहेत. घरही जळलं असतं त नवं झालं असतं!"

परवा आपांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ते दोघं वरोऱ्याला आले. आता बाप्ये झालेत. गावचा वणव्याच्या दिवसांत वनखात्यात आगीवर पहारा देतो. पाहुण्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जेवणं आटोपल्यावर दोघांनी कोणी न सांगता खराटे घेतले आणि अंगण झाडायला लागले. पाच मिनिटांत तेच! "माह्याकडं जास्त आलं." "चाल, खोटं नको बोलू."

भाचा बावरला. मला आपांची फार आठवण आली. दाराआडची त्यांची छत्री घेतली आणि अंगणाच्या मधोमध रेघ ओढली. दोघं आपापल्या बाजूला सरकले.

मग गावचा रेघेकडे पाहत हळूच म्हणाला, "डॉक्टर, वाकडी आली जी. आपा सरळ काढत होत्या."