सासूबाईंची चौथी कवळी

दंतोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण तो कवळ्या बनवायचा, त्यामुळे गल्लीतल्या कुणीतरी ते नाव चिकटवलं आणि ते जे चिकटलं ते कायमचं. डॉक्टरांनी लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवायची आणि दंतोबाने आपल्या खोलीएवढ्या दुकानात मेण, प्लास्टर आणि घासायच्या मशीनच्या घरघराटात दात उभे करायचे, असा धंदा. गावातले निम्मे म्हातारे त्याच्याच दातांनी हसत होते, त्याच्याच दातांनी सुनांवर खेकसत होते. फक्त एका माणसाला त्याची कवळी बसेना. आणि ते माणूस म्हणजे, घ्या, त्याची सख्खी सासू!

सासूबाई शेजारच्या गावी एकट्या राहायच्या. शेवटचे दात पडले तेव्हा त्यांनी डॉक्टरकडे जायला साफ नकार दिला. "घरात कारागीर असताना परक्यापुढे कशाला तोंड वासू?" म्हणाल्या. दंतोबाची छाती फुगली. त्याने स्वतः जाऊन माप घेतलं, जीव ओतून कवळी केली. निरोप आला, टोचते. दुसरी केली. ती सैल. तिसरी तर शेजारीण गप्पा मारायला आली असताना सरळ चहाच्या कपात पडली. झालं! त्या दिवसापासून सासूबाईंनी चारचौघांत जेवणं सोडलं. स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, काहीतरी पातळ करून प्यायचं, की झालं जेवण. पाहता पाहता त्यांचे कपडे अंगावर लोंबायला लागले.

"माझी आई वाळून चाललीये," बायको म्हणाली. "जगाला दात देत फिरता आणि घरच्या माणसाला उपाशी ठेवता! तिने सांगितलंय, ही चौथी शेवटची. नाही बसली तर पुन्हा तोंडात काही घालणार नाही."

"अगं, पण आज बाहेर किती थंडी आहे..."

"तिला काय तिथे ऊन पडलंय?"

दंतोबाने चौथी कवळी घेतली आणि सुट्टीच्या दिवशीही मोटरसायकल बाहेर काढली. थंडी म्हणजे काय थंडी होती महाराजा! सीटवर दव गोठून पांढरं झालेलं. किक मारली, गाडी नुसती खोकली. चोक ओढला, पुन्हा किक, पुन्हा खोकला. वरच्या मजल्यावरचा शेजारी खिडकीतून म्हणाला, "गाडीला थंडी कळते हो, तुम्हालाच कळत नाही." दंतोबाने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. शेवटी गाडी कशीबशी चालू झाली आणि बंद पडेल या भीतीने तो बायकोचा निरोपही न घेता सुटला.

आता दंतोबाची एक पद्धत होती. कवळी कधी डबीत न्यायची नाही. कापडात गुंडाळून बनियनच्या आतल्या खिशात, थेट छातीला लागून. गार कवळी तोंडात गेली की तोंड आक्रसतं आणि माणूस दात बसायच्या आतच नको म्हणून मोकळा होतो, हे त्याने अनेकदा पाहिलं होतं. त्यामुळे गिऱ्हाइकाला दात अंगाइतके कोमट मिळाले पाहिजेत, हा त्याचा नियम. नियम चांगलाच, पण रस्ता खड्ड्यांचा. पहिल्याच खड्ड्यात कापड सरकलं आणि वरच्या-खालच्या दातांनी मिळून त्याच्या छातीचा करकचून चावा घेतला. "आई गं!" दंतोबा ओरडला. सासूबाईंच्या घरी पोचायला अजून सगळा रस्ता बाकी होता आणि त्या आत्ताच चावायला लागल्या होत्या.

गाव सुटलं तसा वारा अंगात शिरला. स्वेटरखाली घातलेली वर्तमानपत्रं फडफडायला लागली. हेल्मेटची काच खाली केली की श्वासाने धुरकट व्हायची आणि वर केली की डोळ्यांतून पाणी. नाक तर आपलं राहिलंच नव्हतं, वाहत होतं की नाही तेही कळेना. कालव्याच्या कडेला त्याने गाडी थांबवली आणि दोन्ही हात इंजिनावर धरले. बोटांत जीव आला तो असा कळवळत आला की त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. मागून आलेल्या ट्रकवाल्याने विचारलं, "काय, बिघडली का गाडी?" दंतोबाने "नाही, सासूकडे चाललोय" असं सांगायचा प्रयत्न केला, पण ओठ हलेनात. ट्रकवाला गंभीरपणे मान हलवून निघून गेला.

मागे फिरावं असं दहादा वाटलं. पण डोळ्यांसमोर बंद स्वयंपाकघरात एकटीच वाटी तोंडाला लावून बसलेली म्हातारी यायची. आपल्या हातून हे होतंय, हा विचार त्याला थंडीपेक्षा जास्त बोचत होता.

सासूबाईंनी दार उघडलं तेव्हा दारात दंतोबा उभा होता. दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या, जणू अजून हँडलच धरलंय. त्या सवयीने तोंडावर हात घेऊन म्हणाल्या, "अहो जावईबापू, या ना आत."

"फफ... फफ्कार," दंतोबा म्हणाला. त्याला नमस्कार म्हणायचं होतं.

त्यांनी घाईघाईने चहा केला. दंतोबाने दोन्ही हातांनी कप धरला, मोठ्या अदबीने ओठांकडे नेला आणि चहा सगळा हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून वर्तमानपत्रांत! ओठ कुठे आहेत हेच त्याला कळत नव्हतं. "फाफ फरा हं आई," तो ओशाळून म्हणाला आणि हनुवटी पुसायला गेला तो रुमालाऐवजी सोफ्यावरची उशी घेऊन.

सासूबाईंनी आधी दाबून धरलं. मग खांदे हलायला लागले. मग त्यांनी तोंडावरचा हात काढून भिंतीला धरला आणि तोंड भरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आणि दंतोबा बघतच राहिला. वरची हिरडी मागे डावीकडे चांगली लांबवर गेली होती आणि तिथे एक टेंगूळ होतं. ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं! पाहणार कसं? माप घ्यायच्या वेळी सासूबाई डोळे मिटून तोंड जेमतेम चमचा जाईल एवढं उघडायच्या. जावयापुढे आ वासून बसायचं म्हणजे काय! आणि जावई कसला, तोही मर्यादेचा पुतळा. सासूच्या तोंडात डोकावायचं कसं, म्हणून छताकडे बघत माप घ्यायचा. दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला होता की बिचाऱ्या कवळीला बसायला जागाच राहिली नव्हती.

त्याने बनियनमधून चौथी कवळी काढली आणि टेबलावर उलटी ठेवून दिली.

"अहो, लावून तरी बघू द्या," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"ही नाही बसणार. आई, मी तुम्हाला कधी नीट बघितलंच नाही. उघडा तोंड. पूर्ण. मी आत बघणार आहे."

"अहो, बरं दिसतं का ते?"

"मघाशी मी बरा दिसत होतो का?"

यावर त्या पुन्हा हसल्या, आणि तेवढ्यात त्याने काम साधलं. मापाचं सामान गाडीच्या पेटीत होतंच.

पुढच्या सुट्टीला थंडी आणखी कडाडली होती. पाचव्या कवळीनेही वाटेत जिथे चावायचं तिथे चावून घेतलं. दंतोबा कुडकुडत पोचला, कवळी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी लावली. दात मिटले. एरवी तो गिऱ्हाइकाला 'स' आणि 'फ'चे शब्द म्हणायला लावायचा, कारण कवळी सैल असेल तर तिथेच पितळ उघडं पडतं. आज ओठ गोठल्यामुळे त्याला विचारताही येईना. तो नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

सासूबाईंनी त्याचं लाल नाक पाहिलं, निळे कान पाहिले, आणि त्यांचा पारा चढला. "शहाणा आहेस का रे तू? साध्या एका स्वेटरवर फटफटी घेऊन निघालास? सर्दी छातीत भरली म्हणजे? समज नको का इतक्या मोठ्या माणसाला? सगळं सोसायचं म्हणजे किती सोसायचं रे!"

एकूण एक 'स' स्वच्छ. 'फटफटी' खणखणीत. दात जागचे हलले नाहीत. दंतोबा कान देऊन ऐकत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, आजवर सासूबाई त्याला कधी 'अरे' म्हणाल्या नव्हत्या.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "टोचतंय का कुठे?"

"गप बस आणि आधी जेव," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरातून त्याचं ताट आणून त्यांनी बाहेरच्या टेबलावर ठेवलं, परत आत गेल्या, आणि स्वतःचं ताट घेऊन त्याच्यासमोर जेवायला बसल्या.