शिडीचा पलंग

सुतारबाबाच्या हातची चौकट म्हणजे चौकट! फट दाखवा नि बक्षीस घेऊन जा. आणि अशा माणसाच्या घरी पोटच्या पोराचा पलंग दरवेळी आखूड.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. पोरगं एरवी हाताला लागायचं नाही, म्हणून बाबा ते दुपारी झोपलं की माप घ्यायचा. पलंग आखूड, म्हणून पोरगं पाय दुमडून झोपायचं. पाय दुमडलेले, म्हणून माप आखूड. असे एक ना दोन, पाच पलंग झाले.

आई म्हणायची, "अहो, त्याला उभा करून मोजा की!"

"झोपायचा पलंग आहे, उभं राहायचा नाही. तू मला सुतारकाम शिकवू नकोस."

आता काय बोलणार, कप्पाळ! पोरगं ताडमाड वाढलं. गल्ली त्याला शिडी म्हणायची. कुणाचा दिवा बदलायचा असो, कुणाचं मांजर उतरवायचं असो, बोलवा शिडीला. बापाने केलेल्या प्रत्येक चौकटीवर त्याचं टाळकं आपटायचं आणि बाप वर चौकटीचीच तारीफ करायचा.

लढाई पेटली आणि एकोणिसाव्या वर्षी शिडी फौजेत गेली. महिन्याभरात पत्र आलं.

"बाबा, इथली खाट तुम्हीच केलीत का? पाय बाहेर राहतात आणि छावणीतलं कुत्रं अंगठे चाटतं. खंदकही आमच्या बुटक्या हवालदाराच्या मापाने खणलाय. दिवसभर वाकून कंबरेचा पार भुगा झाला. सोबत सुतळी आहे, मित्राने मला भिंतीला उभा करून मोजलंय. पाया पडतो, या वेळी सुतळीचं ऐका. पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. एकदा तरी घरी पाय पसरून झोपू द्या."

बाबाने कुरकुरत सुतळी जमिनीवर पसरली. ती संपेचना. त्याने ती पुन्हा ताणून पाहिली. "एवढा?"

"मग मी इतकी वर्षं काय बोंबलत होते?" आई म्हणाली.

सहावा पलंग सुतळीच्या मापाने झाला, वर वीतभर जास्तच. "अजून वाढेल गाढव," बाबा म्हणाला. पलंगाने खोली एवढी अडवली की आईला अंग चोरून स्वयंपाकघरात जावं लागे. ती एकदाही कुरकुरली नाही.

सुट्टीला तीन दिवस होते तेव्हा एक पेटी आली. सोबत सुतळीवाला मित्र होता.

"त्या सकाळी खंदकात म्हणाला, कंबर गेली रे, जरा सरळ होतो," मित्राने सांगितलं. "आणि उभा राहिला. समोरून गोळी आली."

बाबाने खिशातून सुतळी काढली आणि पेटीवर धरली. पेटी चार बोटं कमी भरली. मग मात्र तो भडकला. "कुठल्या मूर्खाने घेतलं हे माप? माझ्या पोराला पाय दुमडून कोंबलंय!"

"बाबा, सगळ्यांना एकाच मापाची मिळते."

"माझ्या पोराला चालणार नाही!"

त्याने कोरा पलंग खोलायला घेतला. आईने फळीचं दुसरं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत नवी पेटी झाली आणि तिघांनी शिडीला तीत निजवलं, पाय पसरून. पायांखाली जागा उरली होती. बाबाने तिथे हात घालून पाहिला.

"वीतभर जास्त झालं," गिऱ्हाइकापुढे चूक कबूल करावी तसा तो मित्राला म्हणाला. "मला वाटलं होतं, अजून वाढेल." आणि ओक्साबोक्शी रडू लागला.