हलकं ड्रिल, भारी स्क्रू

वडील गेले त्या वर्षी त्यांची पुस्तकं पेटीतून काढून फळीवर मांडायचं मी ठरवलं. शिवाजी पेठेतल्या एका हत्यारांच्या दुकानात गेलो आणि हाताने फिरवायचं ड्रिल मागितलं, तेही सगळ्यात भारी. वडिलांच्या कामात काटकसर नको, असं वाटत होतं.

दुकानदाराने तीन प्रकार पुढे ठेवले. घड्याळाची टिकटिक ऐकावी तसं एकेक कानाशी धरून त्याने फिरवून पाहिलं.

"पावणं, भोकं किती पाडायची?"

"आठ. लाकडी खांबांत. वडिलांच्या पुस्तकांची फळी लावायचीय."

"मग ह्ये भारी ऱ्हाऊ द्या हितंच. ह्ये रोज राबणाऱ्या सुताराचं हाय. तुमी हलकं न्या, आन् स्क्रू मातर भारी न्या की. ड्रिलला दुपारभर राबायचंय, स्क्रूला जलमभर."

आणि त्याने आपलाच महागाचा माल शांतपणे परत फडताळात ठेवला.

आठव्या भोकाला ड्रिलची मूठ निखळून माझ्या हातात आली. भोक मात्र पुरं झालं होतं. वडील गेल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्याने हसलो, आणि स्क्रू पिळायला घेतले.