कोपरापर्यंत घड्याळं

लतीफभाई गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर भांडण जुंपलं होतं. मस्कतमधल्या ज्या कॉलेजात मी नोकरी करते, तिथल्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचा हा गट. त्यात माजी विद्यार्थी आहेत, शहरातल्या वादी कबीर भागातले गॅरेजवाले आहेत, आणि खेळापेक्षा चर्चेची हौस जास्त असलेली आमची मराठी मंडळी आहेत. लतीफभाईंनी संघ सोडला, आता नवा प्रशिक्षक कोण, आणि सोहारच्या कॉलेजशी होणारा सामना पुढच्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला घ्यायचा की शेवटी, यावर सगळे तावातावानं लिहीत होते. त्यातच अन्वरचा संदेश आला. अन्वर म्हणजे लतीफभाईंच्या खोलीतला सोबती. 'लतीफभाई आज पहाटे गावी वारले. दुआ करा.' त्याच्याखाली आणखी दोन संदेश भांडणाचेच आले... लिहिणाऱ्यांनी वर पाहिलंच नव्हतं. मग एकेकानं हात जोडल्याची खूण टाकली. त्याला आता सहा आठवडे झाले.

लतीफभाई दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावातले. दिवसा कॉलेजच्या भांडारात काम करायचे आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवायचे. मी क्रीडा विभागात कारकून. सामन्यांचं वेळापत्रक मी करते, आणि त्या कागदावर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नाही. लतीफभाई मात्र दर हंगामाला घडी घातलेला कागद खिशातून काढत माझ्या टेबलाशी हजर. "ताई, ह्या बुधवारी नको. पोरांची परीक्षा हाय." मी आधी ठाम नाही म्हणायचे, मग तासाभर धुसफुसायचे आणि शेवटी बदलून द्यायचे. इतकी वर्षं आमचं हे असंच चाललं होतं. भांडायला इतका शांत माणूस मला दुसरा मिळाला नाही.

त्यांची एक सवय सगळ्या मैदानाला माहीत होती. सामना असो की सराव, पोरं हातातली घड्याळं काढून त्यांच्याकडे द्यायची. खिशातून पडतील म्हणून ते ती डाव्या हातावर ओळीनं बांधायचे, मनगटापासून थेट कोपरापर्यंत. कर्णधार सालेमचं घड्याळ सगळ्यांत वर, कोपराशी. तो हात वर करून ते ओरडायला लागले की प्रतिस्पर्ध्यांनाही हसू यायचं. गेल्या सप्टेंबरात सरावाच्या वेळी मी सहज मैदानावर गेले होते. त्यांनी हात खाली केला आणि सगळी घड्याळं घसरत मनगटावर येऊन साचली. मी म्हटलं, "लतीफभाई, बांगड्या भरल्यात की काय? डाएट जोरात दिसतंय!" ते हसले, घड्याळं वर सारली आणि पोरांकडे वळले.

त्याच आठवड्यात ते टेबलाशी आले. "ताई, औंदा सोहारची मॅच पयली घ्या."

"पहिली? ऑक्टोबरच्या उकाड्यात पोरं भाजून निघतील. ती दरवर्षी शेवटची असते."

"म्हायताय. तरी घ्या."

"कारण सांगा."

"हाय कायतरी..."

कारण सांगत नाहीत म्हणून मला राग आला. शिवाय त्या दिवसांत ते आपलं सामान वाटत सुटले होते. प्रेशर कुकर कॅन्टीनवाल्याला, ब्लँकेट वॉचमनला. आखातात राहिलेल्याला याचा अर्थ शिकवावा लागत नाही. कुकर दुसऱ्याच्या घरी गेला की त्या माणसाला नवी नोकरी लागली असं आम्ही धरून चालतो, कारण तिकीट हातात येईपर्यंत इथे कुणी तोंड उघडत नाही. सोहारच्या कॉलेजात प्रशिक्षकाची जागा रिकामी होतीच. गॅरेजवाल्या सावंतांनी गटावर लिहिलं, 'कुकर दिला ना? खलास. माणूस चालला.' दुसऱ्यानं लिहिलं, 'म्हणून तर सोहारची मॅच आधी उरकायची आहे. नंतर समोरच्या बाजूला उभा राहणार.' लतीफभाई त्याच गटात होते, सगळं वाचत होते. आणि मीही लिहिलं, 'जायचंच असेल तर सरळ सांगून जावं.' सगळ्यांनी अंगठे दिले. वेळापत्रक मी तसंच ठेवलं. त्या एकदाच मी बदललं नाही.

नोव्हेंबरात राजीनाम्यावर 'घरगुती कारण' लिहून ते गेले. निघताना माझ्याकडे आले होते. मी संगणकातून मान वर न करता "बरं, या," म्हटलं.

ते वारल्यानंतर काही दिवसांनी अन्वर त्यांचे कागद न्यायला ऑफिसात आला. खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ऑगस्टातच रिपोर्ट आलेला. पोटाचा कॅन्सर. डॉक्टर बोलला लगेच गावी जा, इलाज सुरू करा. हे बोलले, ह्या पोरांना चार वर्षं शिकवलंय, सोहारसमोर एकदा बघतो नि जातो."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी विमानात बसवलं असतं." ते खरंच होतं. तो पुढे म्हणाला, "मी रोज बोलायचो, चला. ते बोलायचे, ताई आधी नाय म्हणतात, मग बदलतात. म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबले."

लवकर गेले असते तर वाचले असते का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही, असं नवरा मला समजावतो. पण माझ्या एका कागदापायी त्या माणसानं अडीच महिने वाट पाहिली, आणि मला त्याची लाज वाटते. कुणी कितीही समजूत घातली तरी वाटते.

सोहारचा सामना गेल्या आठवड्यात झाला. नेहमीसारखा, हंगामातला शेवटचा. बरोबरी झाली. सुरू होण्याआधी पोरं सवयीनं घड्याळं काढत बाजूच्या रेषेशी आली आणि तिथेच घोटाळली. सालेम माझ्याजवळ आला. "मॅडम, ये किसको दूँ?"

मी त्याचं घड्याळ घेतलं. बाही वर केली आणि त्याच्या नेहमीच्या जागी, कोपराशी बांधलं. हात खाली सोडला तसं ते सैल घसरत मनगटावर आलं. सप्टेंबरात लतीफभाईंच्या हातावरून ते असंच घसरलं होतं. मी ते पाहिलं होतं, आणि हसले होते.