देठांचं वजन

सरकारी प्रयोगशाळेत तिला सगळे तराजूबाई म्हणत, तेही तोंडावर. पोलिसांनी पकडलेला गांजा सव्वीस वर्षं तपासणारी बाई ती, असल्या चिडवण्याला भीक घालतेय होय!

तिची एकच खोड. पोतं आलं की बाकीचे ते जसंच्या तसं काट्यावर टाकत. ही मात्र चिमटा घेऊन देठ, बिया, फुलं वेगळी करत बसायची. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे फुलं आणि शेंडे, बाकी सगळा कचरा. "बाई, तांदूळ निवडताय का?" साहेब म्हणायचे.

त्या दिवसांत गांजावरची बंदी उठवावी की नाही, यावरून नुसता गदारोळ चालला होता. चहाच्या टेबलावरही दोन तट. तराजूबाई ठाम बंदीच्या बाजूची. तिचा धाकटा भाऊ याच धुरापायी कामातून गेला होता. "मोकळीक मागणाऱ्यांनी एकदा माझ्या घरी येऊन त्याला बघावं," ती म्हणायची. 

अशात बागकाम करणाऱ्या एका माळ्याकडे सापडलेलं पोतं आलं. भरलं एक किलो शंभर ग्रॅम. किलोच्या वर दहा वर्षांपर्यंत कैद, खाली फार तर एक वर्ष. घेऊन आलेला फौजदार तिचाच मावसभाऊ.

"ताई, निवडत बसू नकोस. आपल्या धाकट्याला असल्यांनीच नादी लावलं ना? सडू दे आत!"

तिचा हात थांबला. खरं सांगायचं तर तिलाही वाटलं, जाऊ दे मेल्याला. मग तिने चष्मा पुसला आणि खुर्ची दाखवली. "बस तिथे. आणि बघ."

अडीच तास तो जांभया देत बसला. फुलं भरली सहाशे चाळीस ग्रॅम. तिने तेवढंच लिहिलं. फौजदार पाय आपटत निघून गेला.

निकालानंतर माळ्याची बायको तिला शोधत आली. "बाई, एका वर्षावर निभावलं. तुम्हालाही बंदी नकोच असेल ना?"

"मुळीच नाही! माझ्या हातात असतं तर एक रोप उगवू दिलं नसतं. पण देठांपायी कुणाची नऊ वर्षं मी खाणार नाही."

 तराजूबाईने तिला पाणी दिलं.

"नवरा सुटला की त्याला माझ्या घरी पाठव. माझा भाऊ दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. त्याला गुलाबाची कलमं करायला शिकव म्हणावं."