सुधाकरची चार पार्सलं

सुधाकर करोनाने गेला नाही.

तो गोळ्यांनी गेला. फोनवरून चोरून मागवलेल्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा गोळ्यांनी.

आणि त्या घरात मी आणून दिल्या.

सुधा माझा मावसभाऊ. पुण्यात कंपनीत होता. लॉकडाऊनमध्ये काम सुटलं, गावी आला.

आमच्या गावात कुरिअर येत नाही. पार्सल वडीगोद्रीला हायवेवरच्या मोबाईलच्या दुकानात पडतं. जो जाईल तो सगळ्या गावाचं घेऊन येतो. कोणाचं काय, हे विचारायचं नाही, अशी रीत.

त्या उन्हाळ्यात बाहेर पडायचा पास फक्त माझ्याकडे होता. गावाची औषधं, किराणा मीच आणायचो.

"दादा, माझं पार्सल आल्तं का?"

"आलं. काय मागवलं रे?"

"इयरफोन."

तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "किती कान हायेत रे तुला?"

"दोनच. पण तुझी भाषणं ऐकून खराब होऊन राह्यलेत."

दोघंही हसलो.

प्रत्येक पार्सल मी आधी दोन तास उन्हात ठेवलं. सहाही बाजूंनी सॅनिटायझर मारलं. मगच त्याच्या हातात दिलं.

एवढी काळजी घेतली आम्ही. फक्त बाहेरून.

चौथ्या पार्सलनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी चहा घेऊन गेली. सुधा उठला नाही.

उशीखाली गोळ्यांची नाव नसलेली पाकिटं होती. मावशीने ती माझ्या हातात दिली. मी चुलीत घातली.

काका, सुधाचे वडील, म्हणाले, "करोना सांगू. कोणी जवळ येणार न्हाई, मंग कोणी विचारणार बी न्हाई."

कोणी विचारलं नाही.

मी तर त्याच्याही पुढे गेलो. व्यसनमुक्तीवर गावोगाव बोलणारा माणूस मी. मंठ्यापासून केदारखेड्यापर्यंत स्टेजवर उभं राहून सुधाचं नाव करोनाने नेलेल्यांमध्ये घेतलं. बाया डोळे पुसायच्या. मी ते पुसू दिले.

मागच्या आठवड्यात मावशी म्हणाली, "बापू, साऱ्या दुनियेच्या दारूवर बोलतो. आपल्या सुध्याचं कवा बोलशील?"

"मावशी, लोक नावं ठेवतील."

"ठेवू दे. करोना गेला. पार्सल अजून येऊन राह्यलेत."



म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या घरी माणूस खोलीत कोंडून घेतो, दिवसभर झोपतो, पार्सलची वाट बघतो, त्यांनी रीत मोडावी. विचारा. राग येईल त्याला, येऊ द्या. आणि सरळ डॉक्टरकडे न्या. अब्रू जाईल म्हणून थांबू नका. अब्रू आम्ही सांभाळली. माणूस गेला.

एक गोष्ट मावशीलाही सांगितलेली नाही.

जायच्या आठ दिवस आधी सुधा ओट्यावर येऊन बसला होता. म्हणाला, "दादा, झोप येत न्हाई. डोकं थांबतच न्हाई. काहीतरी कर."

मी पाऊण तास बोललो. मनोनिग्रह, संकल्प, पुस्तकांतले दाखले.

तो ऐकत राहिला. शेवटी उठला आणि म्हणाला, "बराबर हाय दादा."

मला वाटलं, पटलं त्याला.

सुधा, त्या दिवशी मी गप्प बसून तुझं ऐकायला हवं होतं.

इतक्या वर्षांनी, खऱ्या कारणासह, तुला श्रद्धांजली.